प्रभूच्या कमरेचा रुमाल आणि ओट्यावरचे फडके

(कुटुंब, महिला मंडळ व शब्बाथशाळा यांच्यासाठी अभ्यासपाठ)

मुख्य शास्त्रपाठ : योहान १३:१-१७
सोबत वाचावे : लेवीय १३:४७-५८, यिर्मया ३८:७-१३, योहान ६:१-१३, मार्क ७:१-८
सुवर्णवचन : योहान १३:१४ (वर्गातील प्रत्येकाने आपापल्या पवित्र शास्त्रातून वाचावे व पाठ करावे.)
पाठाचा हेतू : एकदा वापरून फेकायच्या कागदाऐवजी धुऊन पुन्हा वापरता येणारी फडकी घरात कशी आणावीत हे शिकणे, आणि ती धुण्याचे काम कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर प्रभूच्या उदाहरणावरून शोधणे.

प्रस्तावना

पाठाचे नाव वाचून काही वाचकांना नवल वाटेल. ओटा कशाने पुसावा हा काय शास्त्राभ्यासाचा विषय झाला? परंतु आपले ख्रिस्ती जीवन जसे उपासनामंदिरात असते तसे ते स्वयंपाकघरातही असते. देवाने दिलेल्या वस्तूंचे आपण कारभारी आहोत असे आपण वारंवार म्हणतो. त्या कारभाराचा हिशोब मोठ्या दानांपासून सुरू होत नाही, रोजच्या लहान सवयींपासून सुरू होतो.

आपल्या आज्यांच्या घरात प्रत्येक कापडाला नाव होते आणि जागाही होती. पोळ्यांच्या डब्यातले फडके वेगळे, भांडी पुसायचे वेगळे, चुलीपाशीचे मसोते वेगळे आणि जमिनीचे पोतेरे वेगळे. लुगडे जुने झाले की त्याची गोधडी होई, बाळासाठी दुपटी होत, उरलेल्याची फडकी होत. फडके विरले की त्याचे पोतेरे होई. जे घरात लागत नसे ते बोहारणीला देऊन तिच्याकडून भांडे घेतले जाई. कापड फेकून देणे ही अगदी शेवटची पायरी होती.

आज पुष्कळ घरांत ओट्याजवळ मऊ कागदाची गुंडाळी टांगलेली दिसते. चहा सांडला की एक तुकडा, पुऱ्या तळल्या की चार तुकडे, पोळ्यांच्या डब्यात एक, हात पुसायला एक. स्वयंपाकघरासाठी अशी गुंडाळी प्रथम अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्कॉट पेपर कंपनीने १९३१ साली बाजारात आणली. आपल्याकडे ती सर्वसाधारण घरांत येऊन फार वर्षे झालेली नाहीत. म्हणजे ही सवय नवी आहे, आणि म्हणून ती बदलणेही कठीण नाही.

शास्त्र काय शिकवते?

१. कापड तपासावे, धुवावे आणि निरुपयोगी असेल तरच टाकावे. लेवीय १३ व्या अध्यायात कपड्यावर पडलेल्या हिरवट किंवा तांबूस चट्ट्याविषयी नियम आहेत. याजकाने ते कापड पाहावे, सात दिवस वेगळे ठेवावे आणि पुन्हा पाहावे. चट्टा पसरला तर ते जाळून टाकावे. पसरला नाही तर धुऊन आणखी सात दिवस ठेवावे. धुतल्यावर डाग फिका झाला तर तेवढाच भाग फाडून काढावा. डाग गेलाच असेल तर कापड दुसऱ्यांदा धुवावे, म्हणजे ते शुद्ध झाले. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. घाणीच्या बाबतीत नियमशास्त्र मुळीच ढिलाई करीत नाही. तरीही कापड वाचवता येत असेल तर ते वाचवावे अशीच त्याची रीत आहे. डाग दिसला की लगेच फेका असे ते म्हणत नाही.

२. चिंध्याही देवाच्या कामी येतात. यिर्मया संदेष्ट्याला शत्रूंनी चिखलाच्या विहिरीत उतरवले होते. एबद-मलेख कूशी राजाची परवानगी घेऊन तीस माणसांसह त्याला काढायला गेला. जाण्यापूर्वी तो राजवाड्यातील भांडाराखालच्या खोलीत गेला आणि तेथील जुनीपुराणी वस्त्रे व चिंध्या घेऊन आला. दोरांनी काखा सोलू नयेत म्हणून त्या काखेत घालायला त्याने यिर्मयाला सांगितले. राजाच्या भांडारात सोनेरुपे होते, पण त्या दिवशी देवाच्या सेवकाला उपयोगी पडल्या त्या कोणीतरी जपून ठेवलेल्या चिंध्या.

३. उरलेलेही वाया जाऊ नये. पाच हजार लोक जेवून तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला लावले. ज्याच्या शब्दाने भाकरी वाढत होती त्याला तुकड्यांची काय उणीव? तरीही त्याने ते वाया जाऊ दिले नाहीत. विपुलता असली म्हणजे उधळपट्टीची मोकळीक मिळते असे प्रभूने मानले नाही.

४. प्रभूने स्वतः रुमाल उचलला. हा आपला मुख्य शास्त्रपाठ आहे. भोजनाच्या वेळी येशू उठला, त्याने बाहेरची वस्त्रे काढून ठेवली, रुमाल कमरेस बांधला, गंगाळात पाणी ओतले, शिष्यांचे पाय धुतले आणि त्याच रुमालाने ते पुसले. तिसरे वचन लक्षपूर्वक वाचा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणून त्याने हे केले. ज्या हातांत सर्व काही होते त्या हातांनी त्याने पुसायचे कापड धरले. ते काम चाकराचे होते. ते कोणी करावे हा प्रश्न त्या खोलीतल्या कोणालाच सुचला नव्हता, किंवा सुचूनही कोणी उठले नव्हते.

ही चार वचने मनात ठेवून आता स्वयंपाकघरात जाऊ या.

कागद कोठून येतो आणि कोठे जातो?

मऊ कागद बहुतेक लाकडाच्या लगद्यापासून तयार होतो. झाड तोडणे, लगदा शिजवणे, तो पांढरा करणे, वाळवणे, गुंडाळणे, प्लास्टिकच्या वेष्टनात घालणे, ट्रकने आणणे एवढे सारे झाल्यावर तो तुकडा आपल्या हाती येतो. आपण तो पाच-दहा सेकंद वापरतो.

ओला झाल्याबरोबर तो विरघळू नये म्हणून स्वयंपाकघराच्या कागदात राळेसारखे एक द्रव्य घातलेले असते. त्यामुळे तो शौचकूपात टाकला तर नळ तुंबण्याचा संभव असतो. वापरलेल्या कागदापासून पुन्हा कागदही करता येत नाही, कारण त्याचे तंतू आखूड असतात आणि त्याला तेल व अन्न लागलेले असते. नुसते अन्न पुसलेला कागद खतात कुजतो, पण फिनेल किंवा इतर औषध लावून पुसलेला कागद खतात घालू नये. असा ओला कागद सुक्या कचऱ्यात पडला की तेथले चांगले वर्तमानपत्र आणि पुठ्ठेही खराब होतात.

घरातच कचरा वेगळा करावा असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी नागरिकांना सांगितले. देशातील स्वच्छ शहरांच्या यादीत २०१७ पासून वर्षानुवर्षे पहिले आलेले इंदूर तर कचरा सहा प्रकारांत वेगळा करते : ओला, सुका, प्लास्टिक, विजेच्या वस्तूंचा, घरगुती घातक आणि आरोग्यविषयक. तेथे ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याचा मोठा कारखाना फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. हे सारे उत्तम आहे. पण यंत्र कितीही मोठे असले तरी कचरा उचलणारे आणि सुका कचरा निवडणारे हात माणसांचेच असतात. आपण चुरगाळून टाकलेला तुकडा कोणीतरी उचलतो.

आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गावाची घाण काढणे आणि मेलेली जनावरे ओढणे ही कामे ज्यांच्या माथी केवळ जातीमुळे मारलेली होती, अशा समाजांतून आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज प्रभूकडे आले. दुसऱ्याने टाकलेली घाण उचलणे म्हणजे काय हे त्यांना माहीत होते. त्यांच्या नातवंडांनी तरी विचार न करता टाकू नये.

कापडच का?

कागद आणि सुती कापड ही दोन्ही वनस्पतींच्या तंतूंचीच असतात, आणि म्हणून दोन्ही पाणी शोषतात. फरक तंतूंच्या लांबीत आहे. लाकडाच्या लगद्यातील तंतू साधारण १ ते ३ मिलिमीटर लांब असतो. कापसाचा तंतू साधारण २५ ते ३० मिलिमीटर लांब असतो, आणि पिळून त्याचे सूत होते. म्हणूनच कापड पिळले, घासले, उकळले तरी टिकते, आणि कागद एकदा पिळला की संपतो.

आता थोडा हिशोब करू या. एका घरात दिवसाला ६ तुकडे लागतात असे धरले, तर वर्षाला २,१९० तुकडे झाले. एका गुंडाळीत ६० तुकडे असले तर या ३६ हून अधिक गुंडाळ्या होतात. आपल्या गावातील भाव लावून प्रत्येकाने आकडा काढावा. आता एक जुनी पाचवारी सुती साडी घ्या. ती साडेपाच मीटर लांब आणि एक मीटर दहा सेंटिमीटर रुंद असेल, तर तिचे ३५ सेंटिमीटरचे ४५ चौकोन निघतात. दोन-दोन चौकोन एकावर एक ठेवून शिवले तर २२ जाड फडकी होतात. एवढी फडकी एका कुटुंबाला पुष्कळ दिवस पुरतील, आणि त्यासाठी नवे काहीही विकत घ्यावे लागणार नाही.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. कापूस पिकवायलाही पाणी आणि जमीन लागते. म्हणून कागद सोडण्यासाठी दुकानातून सुंदर नव्या फडक्यांचा संच आणणे हा बदलाचा खरा मार्ग नव्हे. घरात आधीच असलेले जुने धोतर, साडी, पंचा, चादर, बनियन यांचा उपयोग करावा. दुकानात मिळणारी कृत्रिम धाग्यांची मऊ फडकी पुसतात चांगली, पण धुताना त्यांतून प्लास्टिकचे बारीक तंतू पाण्याबरोबर जातात.

फडकी कशी करावीत?

कापड सुती आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. सुती कापड तो पटकन पिते, तर कृत्रिम धाग्याचे कापड बहुधा तो वर ठेवते. कापड नवे असेल तर त्यात खळ असते, म्हणून ते दोन-तीन वेळा धुतल्यावाचून नीट शोषत नाही. कपडे मऊ करणारे औषध फडक्यांना लावू नये, त्यानेही शोषण्याची शक्ती कमी होते. कडा दुमडून शिवाव्यात, नाहीतर सुते निघून अन्नात पडतात.

कोणते फडके कशाचे हे ओळखण्यासाठी कोपऱ्यावर रंगीत दोऱ्याचे चार टाके घालावेत. पांढरा दोरा भांड्यांसाठी, निळा ओट्यासाठी, तांबडा जमिनीसाठी. मुलांना ही खूण लगेच समजते. एका वेळी वापरात प्रत्येकी एक, आणि बदलायला प्रत्येकी चार-पाच घडी करून ठेवलेली, असे असावे. ओट्याखाली एक लहान बादली ठेवली म्हणजे वापरलेले फडके कोठे टाकावे हा प्रश्न राहत नाही.

तळलेल्या पदार्थांचे काय? प्रथम पदार्थ झाऱ्यावर कढईच्या काठाशी नीट निथळावा, मग जाळीच्या चाळणीत ठेवून खाली ताट ठेवावे. त्यात जमलेले तेल भाजीला वापरता येते. वर्तमानपत्रावर मात्र तळण काढू नये. छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून अन्न वर्तमानपत्रात बांधू नये व त्यावर ठेवू नये असे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली बजावले आहे. पोळ्यांच्या डब्यात कागदाऐवजी पातळ सुती फडके घालावे. ते वाफ शोषते आणि पोळ्या मऊ राहतात.

फडकी कशी धुवावीत?

येथे निष्काळजीपणा चालणार नाही. ओलसर, खरकटे लागलेले, गोळा करून ठेवलेले फडके हे जंतूंचे घरच होय. उबेत आणि ओलाव्यात काही जंतू २० मिनिटांत दुप्पट होतात. असे फडके रात्रभर ओट्यावर राहिले आणि सकाळी त्यानेच ताटे पुसली, तर त्यापेक्षा कागद बरा म्हणावा लागेल. म्हणून पुढील नियम पाळावेत.

भांड्यांचे व ओट्याचे फडके रोज बदलावे. वापर झाला की लगेच पाण्यात खळबळून, पिळून, पसरून वाळत घालावे. गोळा करून ठेवू नये.

आठवड्यातून एकदा सर्व फडकी जुन्या पातेल्यात पाणी व थोडा धुण्याचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटे उकळावीत. त्याने तेल सुटते आणि वासही जातो. जमिनीची फडकी वेगळी उकळावीत. सोड्याचे पाणी हातांना लागते, म्हणून फडकी चिमट्याने किंवा काठीने काढावीत.

हळदीचा डाग साबण लागताच तांबडा होतो. त्याला घाबरू नये. धुऊन कडक उन्हात घातले की तो उडून जातो.

इंदूर-ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात फडके बघता बघता वाळते. गोवा आणि बेळगावकडच्या पावसात मात्र दोन दिवस झाले तरी ओल जात नाही. अशा दिवसांत एकेरी, लहान फडकी वापरावीत आणि ती घरातच वाऱ्याच्या जागी पसरावीत. उरलेली ओल इस्त्रीने काढावी. शेगडीच्या अगदी वर दोरी बांधून फडकी वाळवू नयेत, आणि तेलकट फडके ज्योतीजवळ ठेवू नये. आग लागण्याचा धोका असतो.

पाण्याची टंचाई असलेल्या घरी पहिले खळबळणे पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात करावे. आठ-दहा लहान फडक्यांसाठी वेगळे धुणे काढण्याची गरज नाही. उकळून झाली की ती रोजच्या धुण्याबरोबर जाऊ शकतात.

काही ठिकाणी कागद वापरणेच शहाणपणाचे आहे. आजाऱ्याची वांती, फुटलेल्या काचेचे कण किंवा घरातल्या जनावराची घाण काढायला कागद घ्यावा. कच्चे मांस किंवा मासळी कापल्यावर ओट्यावर राहिलेले रक्त कागदाने टिपून मग जागा साबण व गरम पाण्याने धुवावी. हे पुसायला फडके वापरलेच तर ते तसेच दुसरीकडे फिरवू नये, लगेच वेगळे काढून उकळावे. घरात लहान बाळ, वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर अधिक जपावे. लेवीयातील याजकानेही जे शुद्ध होण्यासारखे नव्हते ते जाळायलाच सांगितले.

फडके कोणी धुवावे?

आता या पाठाचा गाभा. कागद फेकला की घरातले काम संपते. फडके वापरले की घरात एक काम वाढते : ते धुवावे लागते, उकळावे लागते, वाळत घालावे लागते, घडी करावी लागते. हे काम कोणाच्या वाट्याला येईल?

बहुतेक घरांत याचे उत्तर न विचारताच ठरलेले असते. तरुण संघाच्या सभेत पर्यावरणावर भाषण ऐकून मुलगा घरी येतो आणि उद्यापासून कागद बंद असे जाहीर करतो. वडील मान डोलावतात. दुसऱ्या दिवसापासून फडकी आई धुते. सून असेल तर सून धुते. धुण्याभांड्याला मावशी येत असतील तर फडक्यांची बादली त्यांच्यापुढे सरकवली जाते, आणि पगार मात्र तोच राहतो. मग नव्या नियमाचा मान एकाला मिळतो आणि श्रम दुसऱ्याला होतात. सृष्टीवरचे ओझे कमी केल्याचे समाधान आपण मानतो, पण ते ओझे घरातल्याच एका पाठीवर ठेवलेले असते.

नोकरी करून संध्याकाळी थकून येणाऱ्या एखाद्या भगिनीने कागदाची गुंडाळी आणली असेल तर ती आळसाने आणली असे कोणी समजू नये. मदतीला दुसरा हात नव्हता म्हणून तिने ती आणली असेल. तिला दोष देण्यापूर्वी घरातल्या इतरांनी आपले हात पाहावेत.

योहान १३ येथे आपल्याला अडवतो. शिष्यांचे पाय धुवावेत असे प्रभू केवळ बोलला नाही, आणि हे काम त्याने शिष्यांपैकी सर्वांत धाकट्याला सांगितले नाही. त्याने स्वतः रुमाल बांधला. बारा जणांचे पाय पुसून तो रुमाल ओला आणि मळका झाला असणारच. प्रभूने तो कमरेस बांधलेला होता, म्हणजे ती ओल आणि तो मळ त्याच्या अंगाला लागला. पेत्राला हे सहन होईना. आपल्यालाही ते अवघड जाते, कारण ज्याला आपण मान देतो त्याच्या हाती पुसायचे कापड आपल्याला शोभत नाही असे वाटते. परंतु प्रभू म्हणाला की मी गुरू असून हे केले, तर तुम्हीही एकमेकांसाठी करा. आणि सतराव्या वचनात त्याने धन्य म्हटले ते हे समजणाऱ्यांना नव्हे, तर समजून करणाऱ्यांना.

म्हणून आमचे सांगणे असे आहे : ज्या घरात फडकी धुण्याची पाळी सर्वांची ठरेल त्याच घरात कागद बंद करावा. वडिलांचा एक वार, मुलाचा एक वार, मुलीचा एक वार, आईचा एक वार असा तक्ता स्वयंपाकघरात लावावा. फक्त मुलींची नावे घालू नयेत. सात-आठ वर्षांचे मूल वाळलेल्या फडक्यांच्या घड्या करू शकते आणि रंगाच्या खुणेप्रमाणे लावू शकते. उकळण्याचे काम मोठ्यांनी करावे. मावशींना हे काम सांगायचे असेल तर त्यांच्याशी आधी बोलावे, त्यांची संमती घ्यावी आणि मोबदला वाढवून द्यावा. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती देवाच्या कानी जाते, हे याकोब ५:४ मध्ये वाचून ठेवावे.

आणखी एक इशारा. मार्क ७ मध्ये प्याले आणि भांडी धुण्याच्या रीती काटेकोर पाळणारे लोक भेटतात. त्यांचे धुणे चुकीचे नव्हते, पण त्यावरून ते इतरांना तोलू लागले होते. आपल्या घरी फडकी आली म्हणून शेजारच्या बहिणीच्या ओट्यावरील गुंडाळीकडे पाहून तिचा न्याय करू नये. फडक्याने पुण्य मिळत नाही. तारण कृपेने आहे, आणि फडके ही त्या कृपेबद्दलची लहानशी कृतज्ञता आहे.

मंडळीच्या स्वयंपाकघरात

हंगामाच्या सणाचे प्रीतिभोजन किंवा नाताळचा चहाफराळ झाला की मंदिराच्या आवारातील पिंपे कागदाने भरून वाहतात. मंडळीने एक लहान सुरुवात करावी. महिला मंडळ व पुरुष मंडळ यांनी मिळून जुन्या चादरी व साड्या गोळा कराव्यात, एका शनिवारी त्यांची ५० फडकी शिवावीत, आणि ती दोन झाकणाच्या डब्यांत ठेवावीत : एक स्वच्छ फडक्यांचा, एक वापरलेल्यांचा. भोजनानंतर वापरलेला डबा कोणाच्या घरी धुण्यास जाईल याची यादी पाळकांनी व वडीलजनांनी करावी, आणि त्या यादीत पहिले नाव स्वतःचे घालावे. असे केल्यास पाय धुण्याच्या अध्यायावर वेगळा उपदेश करण्याची फारशी गरज उरणार नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

लहान वर्ग : एक सुती तुकडा, एक कृत्रिम धाग्याचा तुकडा आणि एक कागदाचा तुकडा आणावा. प्रत्येकावर एक चमचा पाणी टाकून काय होते ते मुलांना पाहू द्यावे. मग तिन्ही पिळायला सांगावेत. कोणता तुकडा पुन्हा वापरता येतो, हे मुलेच सांगतील. त्यानंतर एबद-मलेखाची गोष्ट सांगावी.

मधला वर्ग : मुलांनी आठवडाभर घरात किती कागदी तुकडे वापरले याची वहीत नोंद ठेवावी. त्यांपैकी किती जागी फडके चालले असते यावर खूण करावी. घरच्यांना दोष देण्यासाठी ही नोंद नाही, हे मुलांना नीट सांगावे.

मोठा वर्ग : योहान १३:१-१७ तीन जणांनी वाचावे, मग पुढील प्रश्नांवर चर्चा करावी.

चर्चेसाठी प्रश्न

१. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे जाणणे आणि रुमाल हाती घेणे, यांचा योहान कसा संबंध लावतो?
२. लेवीय १३:४७-५८ मधील कापड तपासण्याच्या क्रमातून आपण आपल्या वस्तू टाकण्याविषयी काय शिकतो?
३. आपल्या घरातील कोणती 'सोय' दुसऱ्या कोणाच्या तरी श्रमावर उभी आहे? त्या माणसाचे नाव आपल्याला माहीत आहे काय?
४. चांगला नियम केला, पण श्रम दुसऱ्यावर पडले, असे मंडळीच्या कामात कोठे घडते?
५. कागद वापरणे योग्य ठरेल असे प्रसंग कोणते, आणि का?

या महिन्याची कृती

घरातील एक जुने सुती वस्त्र निवडावे. सर्वांनी मिळून ते कापावे व शिवावे. पाळीचा तक्ता लावावा. महिनाअखेर कुटुंबप्रार्थनेच्या वेळी दोनच प्रश्न विचारावेत : कागद किती कमी लागला, आणि फडकी खरोखर कोणी धुतली? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकाच व्यक्तीचे नाव असेल तर तक्ता पुन्हा मांडावा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी रुमाल कमरेस बांधलास. आमच्या घरात जे काम नेहमी एकाच्याच वाट्याला येते ते आम्हांला दाखव. तू दिलेल्या वस्तू जपून वापरण्याचे शहाणपण दे, आणि आम्ही टाकलेले जे उचलतात त्यांचा मान राखायला शिकव. आमचे हात एकमेकांच्या सेवेस तत्पर असू दे. आमेन.